दाखल्यावर नऊ

धोंडुबाई मेटकरीला आयुष्यात दोन गोष्टी कधी पचल्या नाहीत, नासकं दूध आणि अपमान. दूध निदान ओतून देता येतं. अपमान ती सांभाळून ठेवायची, गालात सुपारी धरावी तसा, आणि वेळ आली की कडकन फोडायची. नवऱ्याच्या मामाने तिला एका लग्नात पंगतीतून उठवलं होतं, त्याचं उट्टं तिने बावीस वर्षांनी मामाच्या नातवाच्या बारशात काढलं. मामा तोवर सगळं विसरला होता. धोंडुबाई विसरली नव्हती.

तर अशा बाईशी वाकडं घ्यायचं नसतं, हे आटपाडीकडच्या कुठल्याही मेंढक्याने लालासाहेबांना फुकट सांगितलं असतं. पण लालासाहेब मेंढक्यांना विचारणारे नव्हते. माळावरच्या इंग्लिश मीडियम शाळेचे ते सेक्रेटरी. नर्सरी ते सातवी, निळ्या रंगाच्या भिंती, गेटवर त्यांचाच फोटो. धोंडुबाई त्या शाळेत मावशी होती. घंटा वाजवायची, वर्ग झाडायचे, लहानग्यांची नाकं पुसायची, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं, ही तिची कामं. अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं, त्यामुळे कळप राखायची सवय होती. शाळेतला कळप बोलतो, एवढाच काय तो फरक.

तिची नात सोनम त्याच शाळेत चौथीला. वय नऊ. सोनमचे आईबाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. पोरगी आजीपाशी. अंगाने काडी, पण पळायला लागली की वावटळ. सांगलीला खेळाडू मुलामुलींचं एक वसतिगृह होतं, तिथे राहणं, जेवण, शाळा, सगळं व्हायचं. दहा वर्षांखालच्या गटात तालुक्यातून एकच मुलगी शेवटच्या चाचणीला पाठवायची होती. जाताना जोतीराम, धोंडुबाईचा मुलगा, स्पष्टच बोलून गेला होता.

"आये, नंबर आला तर राहू दे तिला सांगलीला, शिकू दे. न्हाई आला तर फुडल्या सालापासनं आमच्या संगं येईल. बिऱ्हाडाला हात कमी पडत्यात."

नोव्हेंबरात तालुक्याची शर्यत झाली. सोनम दुसरी आली. पहिली आली राजनंदिनी, लालासाहेबांची नात.

आता ही राजनंदिनी म्हणजे कोण, तर जूनमध्ये कोल्हापूरहून आजोबांकडे आलेली पोर. तिलाही चौथीतच बसवलं होतं. दाखल्यावर वय नऊ. पण चौथीच्या रांगेत ती उभी राहिली की तुरीत एरंड उगवल्यासारखी दिसायची. सुट्टी झाली की चौथीतल्या पोरींकडे ढुंकून न बघता सहावीच्या वर्गाबाहेर जाऊन उभी राहायची. लोक म्हणायचे, खानदानच उंच आहे.

धोंडुबाईला मात्र खरं ठाऊक होतं, आणि तेही शर्यतीच्या आधीपासून. ऑगस्टमध्ये एकदा ही पोर गालावर हात धरून तिच्याकडे आली होती. "मावशी, दाढ दुखते." धोंडुबाईने लवंग ठेचली, पोरीचं तोंड उघडलं आणि बोटाने लवंग आत दाबली. त्या बोटाला कळायचं ते कळलं. मेंढरू दोनदाती आहे की चारदाती, म्हणजे वयाने केवढं, हे जिने अंधारात चाचपून सांगितलं, तिला माणसाच्या पिल्लाचं तोंड कळणार नाही? वरचे सुळे पडून नवे आलेले. शेवटच्या दाढेच्या मागे हिरडी फाडून आणखी एक दाढ वर येत होती, तीच दुखत होती. तिने स्वतःची पाच पोरं वाढवली होती. ही दाढ बाराव्या वर्षी येते, नवव्या नाही. तेव्हा ती गप्प बसली. कुणाच्या पोरीचं वय किती, आपल्याला काय करायचंय!

शर्यतीनंतर मात्र ती गप्प बसली नाही. सरळ ऑफिसात गेली. लालासाहेब खुर्चीत, समोर चार शिक्षक, चहा चालू.

"सायेब, राजनंदिनीताई नऊ वर्साच्या न्हाईत. बारा हायत. म्या दात बघितल्यात."

लालासाहेबांनी कप खाली ठेवला. रागावले असते तर धोंडुबाईने सोडूनही दिलं असतं. पण ते हसले.

"धोंडुबाई, वय दातावरनं बघायचं ते मेंढराचं. माणसाचं वय दाखल्यावर असतं. दाखल्यावर नऊ म्हणजे नऊ. आणि दातच मोजायची हौस असंल तर आधी स्वतःच्या तोंडातले मोज, किती उरल्यात ते."

चारही शिक्षक हसले. एकाच्या नाकातून चहा आला. धोंडुबाईने ओठ मिटले, कारण खरोखरच पुढचे तीन नव्हते, आणि बाहेर येऊन तिने घंटा वाजवली. मधल्या सुट्टीला अजून दहा मिनिटं होती, पण वाजवली. त्या दिवसापासून ती शाळेत तोंड उघडून हसली नाही. रोज सकाळी झाडू हातात घेताना एकदा मनात म्हणायची, दाखल्यावर नऊ म्हणजे नऊ. देवाचं नाव घ्यावं तसं म्हणायची.

डिसेंबर लागला. शाळेत नाताळ साजरा व्हायचा, तो एस्तेर मॅडममुळे. मॅडम मिरजेच्या, ख्रिस्ती, दुसरीला शिकवायच्या. बाकीच्या शाळांत सांताक्लॉज मूठभर चॉकलेटं उधळतो आणि पोरं पायाखाली चिरडतात. मॅडमना ते खपायचं नाही. त्यांनी लाल कापडाचे एकशे चाळीस मोजे शिंप्याकडून शिवून घेतले होते. प्रत्येक मोज्यावर मुलाचं नाव आणि वय. आत एक छोटी वस्तू आणि टोकाला एक बोर, कारण मिरजेला त्यांची आई मोज्याच्या टोकाला संत्रं ठेवायची आणि इथल्या माळावर संत्र्यापेक्षा बोरं बरी.

"वस्तू तुम्हीच निवडा मावशी," मॅडम म्हणाल्या. "कुठल्या वयाला काय आवडतं ते तुमच्याइतकं आम्हाला कुणालाच कळत नाही."

"मला अडाणीला काय कळतंय, मॅडम?"

"कळतं. फक्त एवढं जपा. वस्तू लहान असली तरी चालेल, पण ती त्याच मुलाची वाटली पाहिजे. लहानाला मोठ्याची वस्तू दिली तर तो नुसता गोंधळतो. पण मोठ्याला लहानाची दिली, की त्याचा फार अपमान होतो. माझ्या भावाला अकराव्या वर्षी कुणीतरी खुळखुळा दिला होता. तो रडला नाही, तो भडकला. चर्चमध्ये सगळ्यांसमोर ओरडला, मी बाळ नाही म्हणून. आम्ही अजून हसतो त्याला."

धोंडुबाई मोज्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात तसेच थांबले. तिने मॅडमकडे असं बघितलं की मॅडमना वाटलं, हिला काही दुखतंय का.

"आन् मॅडम," तिने अगदी साधेपणाने विचारलं, "वय कशावरनं धरायचं?"

"दाखल्यावरून. यादी दिली आहे ना."

"दाखल्यावरनं. बरं."

शनिवारच्या बाजारात इलाहीभाईची कटलरीची गाडी लागायची. बांगड्या, पिना, टिकल्या, खेळणी, सगळं एका छत्रीखाली. धोंडुबाई तिथे बूड टेकून बसली आणि इलाहीभाईचा घाम काढायला लागली.

तीन वर्षांच्यांना दाबलं की चीं करणारी रबरी बदकं. "या वयाला आवाज झाला की झालं. रंग कुठला का असंना." बालवाडीतल्या मोठ्यांना शिट्ट्या, पण सगळ्या लाल. इलाहीभाई हिरव्या-पिवळ्या मिसळायला लागला तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली. "लाल म्हंजे लालच. या वयाला वस्तू नगो असती बाबा, शेजारच्यासारखी वस्तू पायजे असती. एक हिरवी निघाली तर दिसभर मला रडणं ऐकाय लागंल." सहा-सातच्या पोरांना भिंगं, कारण त्या वयात प्रत्येक मुंगीशी बोलणं असतं. आठच्यांना लोहचुंबक. चौथीच्या मुलग्यांना भोवरे, पाचवीला चार रंगांची पेनं. सहावी-सातवीच्या मुलींसाठी तिने सगळ्यात जास्त वेळ घेतला. शेवटी मोत्यांची नाजूक ब्रेसलेटं काढली, त्यांना बोटाएवढा गोल आरसा लटकलेला.

"ह्या वयाच्या पोरीला काय पायजे असतंय सांगू, इलाहीभाई?"

"काय?"

"आपुन ल्हान न्हाई हे लोकास्नी दिसाय पायजे असतंय."

आणि मग तिने चौथीच्या दहा मुलींची वस्तू निवडली. गुलाबी बाहुली. हाताच्या वितीएवढी, गळ्यात लाळेरं, तोंडात बाटली आणि पोट दाबलं की 'मम्मा' म्हणणारी. इलाहीभाई म्हणाला, "जरा लहान वाटतंय हे, नवाच्या पोरींना दोऱ्या दे की उड्यांच्या."

"नवाची पोरगी बाहुली खेळती. आमची सोनम चिंधीची करून खेळती अजून. दहा दे. आन् ती आरशाची ब्रेसलेटं अठरा दे."

"यादीत तर सतराच म्हणालीस."

"अठरा," धोंडुबाई म्हणाली. "एक माजं."

कुणाला म्हणता येणार नव्हतं की तिने एकटीलाच काही दिलं. दहा मुली, दहा बाहुल्या, यादीप्रमाणे, वयाप्रमाणे, दाखल्याप्रमाणे. काट्याने काटा काढायचा तर काटा सरळ हवा. घरी येऊन तिने त्या दहा बाहुल्या ओळीने मांडल्या आणि एकेकीचं पोट दाबून बघितलं. एकीचा आवाज चांगला खणखणीत होता. ती तिने बाजूला ठेवली.

चोवीस तारखेला सकाळी मैदानात मांडव पडला. प्रमुख पाहुणे कोण, तर जिल्ह्याचे क्रीडा अधिकारी. त्यांना लालासाहेबांनी मुद्दाम बोलावलं होतं. शेवटच्या चाचणीची यादी याच आठवड्यात जाणार होती, त्याआधी साहेबांना नात दाखवावी, सत्कार करावा, नारळ द्यावा, असा बेत. धोंडुबाईला हे कळलं तेव्हा तिने बिरोबाला हात जोडले. तिने पेरलं होतं, पाऊस लालासाहेबांनी स्वतः आणला होता.

खेळाचे आकाराम सर सांता झाले होते. कापसाची दाढी, पोट म्हणून उशी. माइकवरून मुलाचं नाव आणि वय पुकारायचे, मूल स्टेजवर यायचं, सर्वांसमोर मोज्यात हात घालायचं आणि वस्तू उंच करून दाखवायचं. टाळ्या. बदकं चिरकली, शिट्ट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. सहावीच्या मुलींना घाई होती म्हणून त्यांना आधी घेतलं. एकेकीने ब्रेसलेट मनगटात घातलं आणि आरशात बघत खाली उतरली. पहिल्या रांगेत बसलेली राजनंदिनी त्या मनगटांकडे बघत होती. धोंडुबाई खांबाला टेकून राजनंदिनीकडे बघत होती.

मग चौथी. "सोनम जोतीराम मेटकरी, वय नऊ वर्षं!"

सोनमने बाहुली काढली, पोट दाबलं, 'मम्मा' ऐकलं आणि जागच्या जागी दोन उड्या मारल्या. सगळ्यांसमोर बाहुलीचा मुका घेतला. क्रीडा अधिकारी हसले. टाळ्या पडल्या. नऊ वर्षांची पोर कशी असते, ते सगळ्या मांडवाने बघितलं.

"राजनंदिनी, वय नऊ वर्षं!"

ती स्टेजवर चढली. आकाराम सरांच्या खांद्याला लागत होती. तिने मोज्यात हात घातला आणि गुलाबी बाहुली बाहेर आली, लाळेऱ्यासकट. बाहेर काढताना पोट दाबलं गेलं. खणखणीत आवाजात बाहुली म्हणाली, 'मम्मा'. आकाराम सरांचा माइक जवळच होता, तो आवाज गेटपर्यंत गेला.

सहावीची पोरं आधी हसली. मग तिच्या मैत्रिणी, त्या मनगटवाल्या, तोंडावर हात ठेवून हसल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "बाटली पाज तिला, नंदू!"

राजनंदिनीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. लालासाहेब खुर्चीतून म्हणत होते, "छान आहे, छान आहे, दाखव साहेबांना." तेवढ्यात तिने बाहुली फेकली.

"मी बाळ नाहीये!" माइक अजून तिथेच होता. "मी बारा वर्षांची आहे! कोल्हापूरला मी सहावीत गेले होते! आजोबांनी मला चौथीत बसवलं! मला नाही बसायचं या बारक्यांच्यात! मला नाही पळायचं!"

ती रडायला लागली. बालवाडीतल्या एकाने शिट्टी वाजवली.

लालासाहेब उठले. नातीकडे गेले नाहीत, मोज्यांच्या टोपल्यांकडे गेले. माणसाला असं काही झालं की आधी दोष द्यायला कुणीतरी लागतं. "कुणी घातली ही बाहुली? कुणाची ही अक्कल?"

धोंडुबाई खांब सोडून पुढे आली. पदर खोचला होता. सव्वा महिना तोंडात धरलेली सुपारी तिने आता फोडली.

"म्या घातली, सायेब. दाखल्यावर नऊ व्हतं, म्हनून नवाचं घातलं. मेंढरू असतं तर दात बघून घातलं असतं."

चहा नाकातून आलेला शिक्षक दुसऱ्या रांगेत होता. या वेळी त्याला हसू आलं नाही. क्रीडा अधिकारी खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी लालासाहेबांना काही विचारलं नाही. रडणाऱ्या मुलीला जवळ बोलावलं, हळूच जन्मतारीख विचारली आणि तिने ती सांगितली, वर्षासकट. मग ते आकाराम सरांकडे वळले. "शर्यतीत दुसरी कोण होती?"

आकाराम सरांनी दाढी खाली ओढली. सेक्रेटरींकडे बघितलं, मग बाहुली छातीशी धरून उभ्या असलेल्या सोनमकडे बोट केलं.

"हिला चार तारखेला सांगलीला घेऊन या. तालुक्याचं नाव हिचं जाईल." एवढं बोलून साहेब उठले. नारळ खुर्चीवरच राहिला.

धोंडुबाईला वाटलं होतं, या घटकेला आपल्याला रडू येईल. नाही आलं. पोटात गार गार वाटलं, उन्हातून येऊन तांब्याभर ताक प्यावं तसं. लालासाहेब तिच्याजवळ येऊन दात खाऊन बोलले, "उद्यापासनं पाय ठेवायचा न्हाई शाळेत." तिने कमरेची किल्ली आणि घंटेचा हातोडा त्यांच्या हातात ठेवला. दोन्ही तिने सकाळीच पुसून तयार ठेवले होते.

एस्तेर मॅडम मोज्यांच्या टोपलीपाशी उभ्या होत्या. त्यांना सगळं उमगलं होतं.

"तुम्ही मुद्दाम केलंत. माझ्याच शब्दांनी केलंत. त्या पोरीचा काय दोष होता, मावशी?"

"तिचा न्हाई दोष."

"मग?"

"माज्या सोनमचा तरी काय व्हता?" धोंडुबाई म्हणाली. मग मान खाली घातली, कारण मॅडमबद्दल तिला खरंच वाईट वाटत होतं. "तुमी चांगल्या हायसा, मॅडम. तुमचा सण म्या वापरला. ते पाप माजं. पर केलं ते पुन्ना करीन."

गेटपाशी लालासाहेबांची गाडी उभी होती. राजनंदिनी पुढच्या सीटवर, डोळे सुजलेले, काच खाली. लालासाहेब फोनवर कुणावर तरी ओरडत गाडीकडे येत होते. धोंडुबाई सोनमचं बोट धरून गाडीजवळ थांबली. कमरेच्या चंचीत हात घातला आणि अठरावं ब्रेसलेट काढलं.

"घे बाय. हे तुजं."

पोरगी बघत राहिली. "हे सहावीच्या मुलींचं आहे."

"व्हय. बारा वर्साच्या पोरीचं हाय. दाढ आली तवाच मला कळलं व्हतं. दुखती का अजून?"

राजनंदिनीने मान हलवली, नाही म्हणून. मग हात पुढे केला. धोंडुबाईने आपल्या हाताने ते मनगटात चढवलं. लालासाहेब तोवर दारापाशी पोचले होते. फोन कानालाच राहिला.

"काढ ते!" ते नातीवर ओरडले.

"नाही काढणार," राजनंदिनी म्हणाली. तिने हात काचेबाहेर काढला आणि तसाच ठेवला. आरशावर ऊन पडलं आणि त्याचा कवडसा आजोबांच्या तोंडावर नाचायला लागला. त्यांनी डोळे मिचकावले, तोंड इकडे केलं, तिकडे केलं.

तेव्हा धोंडुबाई हसली. ओठ न मिटता, पदर आड न धरता, गेटासमोर उभं राहून, पार हिरड्या दिसतील अशी. तोंडात किती उरलेत ते लालासाहेबांनी हवं तर आता मोजावं.